सिरस सर, अलीगढ आणि बंद दाराचा हक्क

नागपूरचा एक माणूस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत होता, हे सांगितलं की आजही अनेकांना आश्चर्य वाटतं. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे त्यांचं नाव. जन्म १९४८चा. नागपूर विद्यापीठातून त्यांनी मराठीत पीएच.डी. केली आणि पुढची सुमारे दोन दशकं अलीगढमध्ये काढली. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते. कवीही होते. ‘पाया खालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला.

मी भंडारा जिल्ह्यातल्या शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. मुसलमान असून मराठी कशी काय शिकवता, हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. सिरस सरांना अलीगढमध्ये याच्या उलटा प्रश्न विचारला जात असेल. माझ्या गावापासून नागपूर फार लांब नाही. त्यामुळे हा माणूस मला नेहमी आपल्याच भागातला, आपल्याच पेशातला वाटतो. त्यांच्यावर लिहायचं अनेक वर्षं टाळलं. का टाळलं, तेही पुढे सांगतो.

८ फेब्रुवारी २०१०च्या रात्री काही लोक कॅमेरा घेऊन विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या घरात घुसले. त्या वेळी त्यांच्यासोबत सायकलरिक्षा चालवणारा एक पुरुष होता. दोघांचं चित्रण करण्यात आलं. पाठोपाठ विद्यापीठाने सिरस सरांना गैरवर्तनाच्या आरोपावरून निलंबित केलं आणि क्वार्टर रिकामं करायला सांगितलं. त्यांची निवृत्ती अवघ्या काही महिन्यांवर आली होती.

तेव्हाचा कायदा काय होता, हे इथे लक्षात घ्यायला हवं. त्याच्या सात महिने आधी, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात निकाल दिला होता. दोन सज्ञान व्यक्तींमध्ये संमतीने, खासगीत असलेले संबंध कलम ३७७खाली गुन्हा ठरणार नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे सिरस सरांनी कायदा मोडला नव्हता. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरणाऱ्यांनी मात्र मोडला होता. आणि शिक्षा झाली ती घरात बसलेल्याला.

सर कोर्टात गेले. विद्यापीठातले सगळेच त्यांच्या विरोधात होते असं नाही. तत्त्वज्ञानाचे अध्यापक तारिक इस्लाम उघडपणे त्यांच्या बाजूने बोलले. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. नोकरी परत मिळणार होती, घर परत मिळणार होतं. पण ७ एप्रिलला अलीगढमधल्या भाड्याच्या खोलीत ते मृतावस्थेत सापडले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, काहींना अटकही झाली. पुढे पुराव्याअभावी तपास बंद झाला. हंसल मेहतांचा ‘अलीगढ’ हा चित्रपट २०१६च्या फेब्रुवारीत आला, मनोज वाजपेयींनी सरांची भूमिका केली, तेव्हा कुठे देशभरात लोकांना हे नाव कळलं. अलीगढ शहरात मात्र चित्रपटाच्या नावालाच विरोध झाला, शहराची बदनामी होते म्हणून.

बदनामी हा शब्द मी २०१०मध्येही ऐकला होता. ऐकला म्हणजे, मी स्वतःच वापरला होता. बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये चर्चा झाली आणि मी म्हणालो होतो, “एका माणसामुळे अलीगढची केवढी बदनामी झाली.” सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली लावलेलं हे रोप. १९२० साली त्याचं विद्यापीठ झालं. आमच्या पिढीतल्या उर्दू शिकलेल्या प्रत्येक मुलाला अलीगढचं नाव घेताना अभिमान वाटतो. त्या अभिमानात मला फक्त संस्थेची अब्रू दिसली. एका म्हाताऱ्या, एकट्या शिक्षकाची अब्रू दिसली नाही. आणि हे विसरलो की ज्या सर सय्यदांचा अभिमान बाळगतो, त्यांच्यावरही त्यांच्या काळात कुफ्राचे फतवे निघाले होते. कौमची बदनामी करणारा माणूस असंच त्यांनाही म्हटलं गेलं.

आता दीनच्या बाजूने बघू. कारण या विषयावर बोलताना आपल्याकडे पहिलं वाक्य ‘इस्लाममध्ये हे चालत नाही’ असंच असतं.

समलिंगी संबंधांबद्दल चारही मसलकांच्या फिक्हमध्ये मनाई आहे, हे मी नाकारत नाही. हजरत लूत अलैहिस्सलाम यांच्या कौमचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. या किस्स्याचा वेगळा अर्थ लावणारेही मुसलमान आहेत. दक्षिण आफ्रिकेतले इमाम मुहसिन हेंड्रिक्स हे त्यांपैकी एक. ते एका इमामाचे नातू. कराचीत दीनचं शिक्षण घेतलेले. त्यांचं लग्न झालं होतं, मुलं होती, नंतर घटस्फोट झाला. १९९६ साली त्यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. लूतच्या कौमचा गुन्हा म्हणजे जबरदस्ती आणि घरी आलेल्या पाहुण्यांची बेअब्रू करणं, असं त्यांचं म्हणणं होतं. बहुतेक उलमांना ते मान्य नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांचा अर्थ बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. त्या गोळ्यांना कोणत्या किताबाचा आधार होता, हे मात्र मला कुणी सांगू शकलेलं नाही.

पण सिरस सरांच्या प्रकरणात तो वाद घालायची गरजच पडत नाही. ते मुसलमान नव्हते. आणि जे झालं त्याची सुरुवात दुसऱ्याच गुन्ह्यापासून झाली. त्या गुन्ह्याला आपल्याकडे शब्द आहे, तजस्सुस. म्हणजे दुसऱ्याच्या दोषांचा छडा लावत फिरणं, हेरगिरी करणं. सूरह हुजुरात, आयत १२ मध्ये त्याला स्पष्ट मनाई आहे, आणि त्याच आयतमध्ये पाठीमागे निंदा करण्याची तुलना मेलेल्या भावाचं मांस खाण्याशी केली आहे. सूरह नूर, आयत २७ आणि २८ सांगतात की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका; परत जा म्हटलं तर परत जा.

इमाम गझाली यांच्या ‘इह्या’मध्ये हजरत उमर (रजि.) यांचा एक किस्सा येतो. मी तो मुलांना अनेकदा सांगितलेला आहे. खलिफा असताना ते रात्री मदिनेत गस्त घालत. एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले. आत एक पुरुष, एक बाई आणि दारू. हजरत उमर त्याला रागावले. तेव्हा तो माणूस म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी अल्लाहची एक नाफरमानी केली असेल, पण तुम्ही तीन केल्या. तजस्सुस करू नका म्हटलं आहे, तुम्ही केलं. घरात दारातून या म्हटलं आहे, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामशिवाय आत येऊ नका म्हटलं आहे, तुम्ही आलात. हजरत उमर निरुत्तर झाले. त्या माणसाने पुढे नीट वागण्याचा शब्द दिला आणि ते त्याला माफ करून निघून गेले.

हा किस्सा मी वर्गात हजरत उमर यांचा इन्साफ सांगण्यासाठी वापरत आलो. तो सिरस सरांच्या घराच्या दाराला लावून बघावा, हे मला अनेक वर्षं सुचलं नाही. आत काय चाललं होतं ते खलिफाने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पुरावा मिळवण्याची रीत चूक, म्हणून त्यांनी माघार घेतली. इथे ना कुणी खलिफा होता ना काजी. कॅमेरा घेऊन आत शिरलेल्यांना कुणी विचारलं नाही की तुम्ही कोणत्या दारातून आलात.

खासगीपणाचा हक्क ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे असं आपले काही लोक म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात तो मूलभूत हक्क मानला २४ ऑगस्ट २०१७ रोजी. आपल्याकडे घराच्या दाराचा हा हक्क चौदाशे वर्षांपूर्वीपासून लिहिलेला आहे.

पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट कोणती असेल तर ती कलम ३७७ आहे. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या कायदा आयोगाने भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा १८३७ साली तयार केला. पुढे त्यात बदल होऊन १८६० साली ती मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२पासून लागू झाली. त्यातल्या ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ या शब्दांनी दीडशेहून अधिक वर्षं लोकांना धाकात ठेवलं. २००९चा निकाल आला तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? दिल्लीतले एक ज्योतिषी, काही ख्रिस्ती संघटना आणि ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड. एरवी एका सतरंजीवर बसणार नाहीत असे लोक इंग्रजांचं एक कलम वाचवायला एकत्र आले. ११ डिसेंबर २०१३ रोजी ते कलम पुन्हा जिवंत झालं आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी, नवतेज सिंग जोहर खटल्यात, संमतीच्या संबंधांपुरतं कायमचं गेलं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे आज स्थिती अशी की प्रेम गुन्हा नाही, पण त्याला घराचा दर्जाही नाही.

उर्दूचा मास्तर म्हणून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अशी माणसं आपल्यात नव्हतीच, टीव्ही-मोबाइलने ती आणली, हे साफ खोटं आहे. औरंगाबादचे सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातले दखनी उर्दूचे मोठे शायर. कोवळ्या वयात त्यांच्यावर जुनून स्वार झाला आणि ते खुल्ताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात बेभान फिरत राहिले. घरचे हवालदिल झाले. पुढे ते शाह अब्दुर्रहमान चिश्ती यांचे मुरीद झाले आणि पीरांच्या सांगण्यावरून ऐन बहरात त्यांनी शायरी थांबवली. ११६० हिजरीत, म्हणजे १७४७ साली, त्यांनी ‘बोस्तान-ए-खयाल’ ही मसनवी लिहिली. एका तरुणावरच्या प्रेमाची आणि विरहाची ती कहाणी आहे, आणि ती आत्मचरित्रात्मक मानली जाते. गझलेत माशूक पुल्लिंगी असतो ही रीत आहे, सूफी अर्थ वेगळा असतो, हे सगळं मला माहीत आहे आणि मी ते वर्गात सांगतोही. पण माणसाचं माणसावरचं प्रेम तिथून सुरू होऊन अल्लाहपर्यंत जातं, असं सांगणाऱ्या शायराला त्याच्या शहराने दगड मारले नाहीत. दर्वेश म्हणून मान दिला.

दुसरं उदाहरण खुद्द अलीगढशी नातं असलेलं. इस्मत चुगताई तिथेच शिकल्या. १९४२ साली त्यांची ‘लिहाफ’ ही कथा छापून आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांना लाहोरच्या कोर्टात उभं राहावं लागलं. खटला टिकला नाही. ‘लिहाफ’ म्हटलं की लोक बाई आणि मोलकरणीचीच चर्चा करतात. पण गोष्ट सुरू होते नवाबापासून. त्याला तरुण मुलांचा शौक. तरी खानदानासाठी त्याचं लग्न एका गरीब घरच्या मुलीशी होतं आणि तो तिला हवेलीत एखाद्या वस्तूसारखी ठेवून विसरून जातो. इस्मतआपांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की जिच्यावरून कथा सुचली ती बेगम त्यांना अनेक वर्षांनी अलीगढमध्येच भेटली. आपा घाबरल्या. पण बेगम रागावली नव्हती. तिने नवाबाला सोडून दुसरं लग्न केलं होतं, तिला मुलगा झाला होता, आणि ती खूश होती.

ही बेगम मला आता वारंवार आठवते. त्याचं कारण माझ्याच पदरात आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे शिकून गेलेला एक मुलगा नोकरीला लागला होता. एका संध्याकाळी तो घरी आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग मान खाली घालून म्हणाला, “सर, मला मुलींबद्दल तसं काही वाटतच नाही. नमाज सोडली नाही, रोजे सोडले नाहीत. तहज्जुदला उठून दुआ मागितली. काही बदलत नाही. आणि घरचे रिश्ता बघतायत.” मला कळलं तो काय म्हणतोय. कळलं म्हणूनच घाबरलो. म्हणालो, “बेटा, निकाह करून टाक. जबाबदारी आली की सगळं ठीक होतं.” दुसऱ्या दिवशी मी मोठ्या भावासारखा सल्ला दिला या समाधानात होतो. त्याच्या वलिम्याला जाऊन जेवूनही आलो.

दीड वर्षात त्या मुलीने खुला मागितला.

खुला हा तिचा हक्कच आहे. हदीसमध्ये साबित बिन कैस यांच्या पत्नीचा किस्सा आहे. नवऱ्याच्या दीनबद्दल किंवा वागण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मी त्याच्यासोबत राहू शकत नाही, असं तिने प्रेषितांना (स.) सांगितलं, आणि प्रेषितांनी मेहरची बाग परत करायला लावून तिला मोकळं केलं. पण आपल्या गल्लीत तिला मोकळं होणं सोपं गेलं नाही. दोष तिच्यात शोधले गेले. मुलाने तोंड उघडलं नाही, मी उघडलं नाही. तिचे अब्बा आजही कधी मशिदीच्या पायरीवर भेटतात, सलाम करतात. मी जवाब देतो आणि चपला शोधायला खाली वाकतो.

मला वाटायचं, ही चूक आपल्याच समाजात होते. नंतर वाचनात अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची माहिती आली. अत्यंत धार्मिक, कुटुंबाला सर्वांत वर ठेवणारे, दारू-सिगारेट वर्ज्य मानणारे लोक. त्यांच्यातही अशा मुलांना धर्मगुरू लग्नाचाच सल्ला देत. अनेक संसार मोडल्यानंतर १९८७ साली त्यांचे ज्येष्ठ नेते गॉर्डन हिंक्ली यांनी जाहीरपणे सांगितलं की लग्न हा यावरचा इलाज समजू नका. त्या पंथाने समलिंगी संबंधांना मान्यता दिलेली नाही, आजही नाही. तरी एवढं एक वाक्य त्यांना म्हणता आलं. आपल्या जुम्म्याच्या बयानात ते म्हणायला काय हरकत आहे? निकाह हा करार आहे. करारात एका बाजूला अंधारात ठेवणं हा धोका आहे, आणि धोका हराम आहे. यासाठी नवा फतवा लागत नाही.

घर, दीन आणि मन या तिन्हींचा मेळ घालून जगलेली माणसंही आहेत. लखनौचे सलीम किदवई बाराबंकीकडच्या जुन्या किदवई खानदानातले. दिल्लीच्या रामजस कॉलेजात ते मध्ययुगीन इतिहास शिकवायचे. तरुणपणी कॅनडात शिकत असताना, १९७७ साली, माँट्रियलमधल्या एका बारवर पोलिसांची धाड पडली आणि तेही पकडले गेले. २००० साली त्यांनी रूथ वनिता यांच्यासोबत ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ हा ग्रंथ संपादित केला. फारसी-उर्दूतले उतारे त्यांनी शोधून काढले, आणि आपल्याकडे हे नव्हतंच, हा दावा करणं तेव्हापासून कठीण झालं. २००२मध्ये ते लखनौला आपल्या माणसांत परत गेले आणि ऑगस्ट २०२१मध्ये वारले. ना त्यांनी आपलं असणं लपवलं, ना खानदान सोडलं. खानदानानेही त्यांना सोडलं नाही. सिरस सरांच्या वाट्याला हे आलं नाही. पत्नीपासून ते अनेक वर्षं वेगळे होते. नागपूर दूर होतं. आणि ज्या विद्यापीठावर त्यांनी प्रेम केलं, तिथून त्यांना घर सोडायला सांगितलं गेलं.

आपल्या मोहल्ल्यात असा मुलगा नाही असं समजू नका. असला तर त्याच्या आई-अब्बांना एवढंच सांगायचं आहे. त्याच्या खोलीत, मोबाइलमध्ये डोकावू नका. तो बोलला तर ऐकून घ्या. त्याला घरातून काढू नका, मशिदीतून तर नाहीच. आणि त्याला बरं करायला कुणाची मुलगी मागायला जाऊ नका. गुनाह आणि सवाब यांचा हिशेब घेणारा वेगळा आहे. ते काम त्याने कुठल्या विद्यापीठाला, बोर्डाला किंवा शाळामास्तरला दिलेलं नाही.

गेल्या रमजानमध्ये मी त्या मुलाला फोन केला आणि माफी मागितली. तो हसला. म्हणाला, “सर, तुम्ही एकटे कुठे होतात? सगळ्यांनी हेच सांगितलं.” माफ केलं म्हणाला.

त्या मुलीची माफी मागायची अजून बाकी आहे.